शनि अमावस्या, पेशव्यांचा दरबार आणि गर्दीचं चित्र

तर आजचा विषय आहे गर्दी. हिंजवडीच्या सिग्नलवरची नाही, ती आपण रोज बघतोच. सणाची, जत्रेची गर्दी. टेबलावर गेले कित्येक आठवडे शिंगणापूरच्या शनि अमावस्येचं एक चित्र अर्धवट पडलंय, आणि ते पुढे सरकेना म्हणून आपल्याकडे आजवर अशी गर्दी कोणी कशी रंगवली हे शोधायला बसले. (काम अडलं की वाचत बसायचं ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे, तिला ‘रिसर्च’ असं भारदस्त नाव आहे.) शोधता शोधता चित्र बाजूला राहिलं आणि वेगळाच प्रश्न समोर आला. सणाच्या चित्रात कोण येतं, आणि कोणाला येऊ दिलं जात नाही?

सुरुवात पुण्यापासून करू. लंडनच्या टेट संग्रहालयाकडे एक भलंमोठं तैलचित्र आहे. शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल, सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस, इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट आणि भोवती माणसंच माणसं. प्रसंग आहे १७९० सालच्या तहाचा. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले तो तह. खांब, कमानी, गालिचे, पांढऱ्या अंगरख्यांची आणि पागोट्यांची दाटी. शाळेच्या पुस्तकात किंवा पुण्यावरच्या कुठल्या ना कुठल्या लेखात तुम्ही हे चित्र नक्की बघितलं असेल.

आता याच्या तारखा लावून बघा म्हणजे गंमत कळते. तह १७९० चा. ज्याच्या रेखाटनांवरून हे चित्र उभं राहिलं तो जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला १७९१ साली. म्हणजे दरबार भरला तेव्हा हा गडी हिंदुस्थानातही नव्हता! नंतर तो पुण्यात आला, त्याने पेशव्यांना, नानांना समोर बसवून चित्रं काढली, वाड्याची टिपणं केली. १७९५ मध्ये तो वारला. मग त्याची ती टिपणं वापरून थॉमस डॅनियलने हे मोठं चित्र पुरं केलं आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत ते लोकांना दिसलं १८०५ साली. तोवर सवाई माधवराव जाऊन दहा वर्षं झाली होती, नाना १८०० मध्येच गेले होते आणि १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवाईच इंग्रजांच्या दावणीला बांधली गेली होती. पुढे १८२८ च्या आगीत वाडाही जळाला. तो रंगमहाल कसा दिसायचा हे आज ज्या थोड्या गोष्टींवरून कळतं, त्यातलं एक हे चित्र.

म्हणजे ज्या क्षणाचं हे चित्र आहे तो क्षण चित्रकाराने पाहिलेलाच नाही. चेहरे सुटे आणले, महाल सुटा आणला, आणि तिसऱ्याच माणसाने हजारो मैलांवर बसून सगळं एकत्र जोडलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मॉड्यूल वेल्सने लिहिले, बिल्ड डॅनियलने काढला. आणि क्लायंट होता मॅलेट, त्यामुळे चित्रात कोण उठून दिसावं हे वेगळं सांगायला नको.

यात मला मॅलेटपेक्षा जास्त आवडलेला माणूस म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा निघाली होती, त्यातून पुढे आलेला हा पुण्याचा चित्रकार. त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली, आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडासुद्धा काढला, १७९० सालच्या नोव्हेंबरात. ही चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. नेटवर मोठी करून बघता येतात, जरूर बघा. रेघ आपल्याकडची, छायाप्रकाश साहेबाकडून शिकलेला. आज कला-साहित्याच्या दुकानात ‘मिक्स्ड मीडिया’ म्हणून जो वेगळा कप्पा असतो त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी पुण्यातला एक माणूस दोन घरच्या पद्धती एका कागदावर नांदवत होता. वेल्सचं नाव चित्रकलेच्या पुस्तकात मिळतं, तांबटांचं नाव पुण्यात किती जणांना माहीत आहे? असो.

मुद्दा वेगळाच आहे. त्या भरलेल्या दरबारात बाई शोधू गेलात तर सापडत नाही. तुम्ही म्हणाल, दरबारच तो, तिथे बायका कशा असणार? बरोबर. पण वेल्सने पुण्यात बाईचं चित्र काढलं नाही असं नाही. मॅलेटसोबत राहणाऱ्या, त्याच्या मुलांची आई असलेल्या अंबर कौरचं चित्र त्याने काढलं होतं. ते वेगळं, घरातलं. पुढे मॅलेटने लग्न केलं ते वेल्सच्या मुलीशी, १७९९ मध्ये. एकाच माणसाच्या आयुष्यातली माणसं, पण काही मोठ्या कॅनव्हासवर आणि काही आतल्या खोलीत.

पुढचं शतक ओलांडून मुंबईत येऊ. महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म कोल्हापूरचा, १८६७ चा. १८९० मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले ते १९३१ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. म्हणून त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. (एका कंपनीत एकेचाळीस वर्षं! आमच्याकडे तीन वर्षं झाली की लोक विचारतात, ‘अजून इथेच?’) मुंबईचा रस्ता, बाजार, लग्नं, सण, माणसांचे पोशाख हे त्यांच्याइतकं क्वचितच कोणी काढलं असेल. पेन्सिल, पेन, जलरंग, तैलरंग, सगळं चालायचं, आणि पोस्टकार्डापासून भिंतीएवढ्या चित्रापर्यंत सगळ्या मापांत.

१९१२ मध्ये निघालेल्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकाच्या आवृत्तीत त्यांची चित्रं आहेत. पुस्तकाचा लेखक एस. एम. एडवर्ड्‌स. हा कोण, तर मुंबईचा तेव्हाचा पोलीस कमिशनर. त्यात मुंबईच्या मोहरमवर एक प्रकरण आहे. गंमत अशी की ज्या मोहरमच्या मिरवणुकांचं वर्णन हा इतक्या रसिकतेने करतो, त्याच मिरवणुकांवर त्याच सुमारास त्याने कडक निर्बंध आणले. सणाच्या गर्दीकडे बघणारे दोन डोळे एकाच पुस्तकात आहेत. एकाला त्यात रंग दिसतात, दुसऱ्याला बंदोबस्त.

धुरंधरांच्या चित्रांत बायका आहेत, भरपूर आहेत. पण ऑटो रॉथफेल्ड नावाच्या साहेबाच्या १९२० सालच्या हिंदुस्थानी स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी त्यांनी केलेली चित्रं बघताना मला जरा खटकलं. बहुतेक पानांवर एक-एक बाई, खाली ती कुठल्या जातीची किंवा प्रांताची त्याचं लेबल. नऊवारीची घडी, नाकातली नथ, हातातला तांब्या, सगळं इतकं नेमकं की कापडाचा पोत कळावा. पण बाई गर्दीत नाही. तिला गर्दीतून उचलून नमुन्यासारखं पानावर ठेवलंय. दोष धुरंधरांचा म्हणवत नाही, पुस्तकाची मागणीच तशी होती. तरीही दरबारात बाई नाही आणि पुस्तकात एकटी बाई, या दोन टोकांच्या मधली जागा, म्हणजे सणाला आलेली, धक्के खाणारी, पोराला कडेवर घेतलेली, देवाकडे बघायचं सोडून बांगड्यांकडे बघणारी बाई, ही मी शोधत राहिले.

धुरंधरांच्याच घरात एक वाट उघडली. त्यांची मुलगी अंबिका वडिलांच्या हाताखाली शिकली आणि जे. जे. मधून १९३१ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडली. वडील निवृत्त झाले ते हेच वर्ष. तिथून पदविका घेणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या बायकांपैकी त्या एक. त्यांनी ‘माझी स्मरणचित्रे’ नावाने आठवणीही लिहिल्या आहेत. आणि योगायोग म्हणा, १९३१ मध्येच मुंबईत दांडेकरांनी शाईचा धंदा सुरू केला, त्याचं पुढे कॅम्लिन झालं. शाळेत आपण सगळ्यांनी ज्या रंगपेटीवर हात काळेनिळे करून घेतले ती.

आता शिंगणापूर. शनिवारवाड्याच्या नावात शनिवार आहे कारण त्याचा पाया १७३० मध्ये शनिवारी घातला. शिंगणापूरला मात्र शनिवार म्हणजे नुसता वार नाही, देव आहे. आणि अमावस्या शनिवारी आली की नगर-संभाजीनगर रस्त्यावर घोडेगावपासूनच गाड्यांची रांग लागते. मी गेले ती २९ मार्च २०२५ ची, फाल्गुनातली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. त्यामुळे एका बाजूला शनीच्या पूजेचं साहित्य, म्हणजे तेलाच्या बाटल्या, काळे उडीद, रुईच्या पानांच्या माळा, घोड्याची नाल, आणि त्याला लागूनच पाड्व्याच्या साखरगाठ्या. गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या. काळ्याशेजारी इतका गोड गुलाबी रंग दुसरं कोणी ठेवलं असतं तर आपण म्हटलं असतं, काय ही आवड!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देव म्हणजे साडेपाच फुटांच्या आसपासची एक उभी काळी शिळा, उघड्या चौथऱ्यावर. वर छप्पर नाही, कळस नाही. गावातल्या घरांना परंपरेने दारं नाहीत, नुसत्या चौकटी, कारण इथे चोरी करणाऱ्याला शनी बघून घेतो अशी श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेने इथे कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा ती बातमी देशभर गाजली होती. २०१५ मध्ये पोलीस ठाणंही आलं. गाव महाराष्ट्राबाहेर माहीत झालं ते बरंचसं १९९० च्या दशकात, कॅसेट आणि सिनेमाच्या कृपेने.

चित्राच्या दृष्टीने हे ठिकाण अवघड आहे. एरवी देवळाचं चित्र सोपं, कारण कळस असतो, नजर आपोआप तिकडे जाते. इथे नजर जाते ती एका काळ्या उभ्या आकाराकडे, आणि तोही तेलाने इतका चमकतो की त्यात आकाश दिसतं. निव्वळ काळा रंग लावला तर कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून आधी ऑइल पेस्टल (शाळेतले तेलकट खडू हो) पांढरा आणि निळसर, जिथे चमक हवी तिथे दाबून घासला. मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला गडद जलरंग वरून सोडला. तेलावर पाणी ठरत नाही, रंग बाजूला सरकतो आणि चमक आपोआप उरते. शिळेवर तेल, कागदावरही तेल.

बाकी क्रम नेहमीचाच. जागेवर फक्त पेन्सिल आणि वॉटरप्रूफ पेन, कारण मार्चच्या उन्हात जलरंग पसरायच्या आत वाळतो. रंग घरी. फिकटाकडून गडदाकडे. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागद, पण गर्दीतल्या दोनशे टोप्या कोऱ्या कोण ठेवणार? त्या शेवटी पांढऱ्या पोस्टर कलरच्या ठिपक्यांनी येतात. झेंडूही तसेच, पिवळ्या पोस्टर कलरचे. जवळून बघितलं तर नुसते डाग, हातभर अंतरावरून माणसं. एक पोरगं माझ्या खांद्याशी अर्धा तास उभं होतं. त्याने विचारलं, “यांना तोंडं कधी काढणार?” म्हटलं, गर्दीला तोंड नसतं. तो म्हणाला, “माझं काढा की मग.” काढलं.

सणाचं नगर म्हटलं की शिंगणापूरला आणखी एक धागा आहे. आमची आजी नगरची, वय अठ्ठ्याहत्तर, दर शनिवारी तिचं शनिमाहात्म्य चालतं. त्या पोथीतली विक्रम राजाची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. साडेसातीत सापडलेला राजा परमुलखात एका सावकाराच्या घरी उतरतो. त्याच्या मुलीने खुंटीला अडकवलेला मोत्यांचा हार भिंतीवरच्या चित्रातला हंस गिळतो. चोरीचा आळ राजावर, हातपाय तोडले जातात. मग तो तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हाकतो, आणि एका रात्री दीपराग गातो तेव्हा नगरातले सगळे दिवे आपोआप पेटतात. काय दृश्य आहे! एवढं झगमगतं शहर, आणि ते ज्याच्यामुळे झगमगतंय तो घाण्यावर अंधारात. लहानपणी मला त्या हंसाचाच राग यायचा. आता दरबाराचं चित्र बघताना तोच आठवला. चित्रं गिळतातच. माणसं गिळतात आणि भिंतीवर साळसूदपणे बसून राहतात.

शिंगणापूरच्या चित्राने बायका गिळल्या होत्या. चौथऱ्यावर फक्त पुरुष, आंघोळ करून ओलेत्याने, तेल घालायला. बायकांनी खालून दर्शन घ्यायचं. २०१५ च्या नोव्हेंबरात एक तरुणी चौथऱ्यावर चढून गेली आणि नंतर शिळेचं ‘शुद्धीकरण’ झालं. जानेवारी २०१६ मध्ये देवस्थानाच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच एक महिला आली, पण परंपरा बदलायला त्यांचाही पाठिंबा नव्हता. त्याच महिन्यात, प्रजासत्ताक दिनी, तृप्ती देसाईंच्या भूमाता ब्रिगेडच्या बायका निघाल्या आणि वाटेतच अडवल्या गेल्या. तिकडे ‘मिळून साऱ्याजणी’च्या विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या होत्या.

न्यायालयात जे झालं ते मला इंजिनिअर म्हणून फार आवडतं. नवा कायदा करावाच लागला नाही! १९५६ चा महाराष्ट्राचा कायदा होताच. सार्वजनिक हिंदू देवस्थानात कुठल्याही हिंदूला जायला अडवता येणार नाही, अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. तो आला मुख्यतः जातीच्या भिंतींसाठी, पण शब्द सगळ्यांना लागू. साठ वर्षं कोड तिथेच होता, या बाजूने कोणी चालवून बघितला नव्हता. १ एप्रिल २०१६ ला न्यायालयाने सरकारला तो पाळायला लावला. दुसऱ्या दिवशी तिथे गेलेल्या बायकांना गावकऱ्यांनी तरीही अडवलं. मग ८ एप्रिल, गुढीपाडवा. त्याआधी देवस्थानाने वाद टाळायला पुरुषांनाही चौथरा बंद केला होता, पण पाडव्याला गोदावरीचं पाणी घालायची गावाची प्रथा, म्हणून पुरुष बंदी मोडून वर गेले. आणि त्याच दिवशी विश्वस्तांनी जाहीर केलं की चौथरा आता सगळ्यांना खुला. संध्याकाळपर्यंत बायका वर जाऊन आल्या. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, हॉस्टेलच्या टीव्हीवर बघितलेलं आठवतंय.

आमच्या घरात त्यावर चर्चा वगैरे काही झाली नाही. आई २०१७ मध्ये मावशीबरोबर गेली, वर चढून तेल घालून आली आणि आजीला सांगितलंच नाही. आजीला कळायचं ते कळलंच. ती एवढंच म्हणाली, “मला काय करायचंय वर जाऊन? इतकी वर्षं खालूनच दिसला, नीट दिसला.” यावर तिच्याशी वाद घालायची माझी कधी हिंमत झाली नाही आणि खरं तर इच्छाही नाही. जायची मुभा असणं वेगळं, जाणं वेगळं.

तर आता चित्राबद्दल. खालची गर्दी २९ मार्चची आहे, गाठ्यांसकट. चौथऱ्यावरच्या आकृत्या मात्र मी महिनाभराने, एका बिनगर्दीच्या दिवशी परत जाऊन टिपल्या. अर्ध्या तासाच्या टिपणांत अकरा माणसं आली, त्यात चार बायका. एकीने पदर खोचून तेलाची बाटली अशी पालथी केली होती की जणू घरच्या कढईत ओततेय. ती मी जशीच्या तशी वर आणून बसवली, अमावस्येच्या गर्दीच्या मधोमध. वेल्स-डॅनियलने केलं तेच, फक्त माझा क्लायंट कोणी नाही.

मागच्या शनिवारी नगरला गेले तेव्हा चित्र सोबत नेलं. आजीने चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. डाव्या कोपऱ्यात, कठड्याशी, जांभळ्या नऊवारीतली पाठमोरी बाई तिने लगेच ओळखली. ती त्या अमावस्येला माझ्याबरोबर नव्हती, गुडघे दुखतात म्हणून घरीच होती. चौथऱ्यावरच्या बायकांबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, “सगळं काढलंस, आणि रसवंतीचा बैल कुठंय? त्याच्याशिवाय शिंगणापूरचा रस्ता होतो का?”

घोडेगावच्या रस्त्याला लाकडी चरकाच्या रसवंत्या आहेत, तिथे डोळ्यांवर पट्टी बांधलेला बैल गोल फिरत असतो आणि शहरातली मंडळी हातात रसाचा ग्लास धरून त्याच्याबरोबर फोटो काढत असतात. उजवीकडे खाली थोडी जागा आहे. आधी ऑइल पेस्टलने शिंगं, मग त्यावर तपकिरी वॉश.